सरांकडे विनंती नको, रीडिंग घेऊन जा

आदरणीय मॅडम,

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय केमिस्ट्री. यंदा आम्हाला प्रोजेक्ट आहे, चौघींचा ग्रुप आहे. सरांनी विषय दिलाय 'झिंक ऑक्साइड नॅनोपार्टिकल्स'. आमच्या आधीच्या तीन बॅचनी हाच केला. सीनियर म्हणतात, "आमची फाइल घे, तुळशीच्या जागी कडुनिंब लिही, झालं." मला ते पटत नाही. आमचं अडीच एकर रान आहे, त्यातलं एकरभर गेल्या दहा-बारा वर्षांत क्षारपड झालं. ऊस पिवळा पडतो, उन्हाळ्यात वर पांढरं फुटतं. मला त्यावर काम करायचंय. सरांना सांगितलं तर म्हणाले, "तो अ‍ॅग्रीचा विषय आहे, आपल्याकडे इन्स्ट्रुमेंट नाही." सर वाईट नाहीत, पण त्यांना वेळच नसतो. नॅक, परीक्षा, एनएसएस. स्टाफरूमच्या दारात पाऊण तास उभं राहिलं की दोन मिनिटं बोलतात. प्रोजेक्ट झाल्यावर पेपर काढायचा म्हणतात. एक जर्नल आहे, प्रत्येकी १,५०० रुपये भरायचे, सर्टिफिकेट मिळतं. पहिलं नाव सरांचं. वडील म्हणतात, पैसे कशाला भरायचे, आणि त्या रानात आता बघायचं काय राहिलंय? मी काय करू? सर नाराज झाले आणि मार्क कमी पडले तर? आणि चौथ्या वर्षाला 'ऑनर्स विथ रिसर्च' घ्यावं का?

— टी.वाय.ची एक विद्यार्थिनी

अगं,

तुझं पत्र वाचताना नॅनोपार्टिकल्सपाशी आले आणि हसू आवरेना. एकतीस वर्षं मी तालुक्याच्या गावात केमिस्ट्री शिकवली. निवृत्त होईपर्यंत अशी वेळ आली होती, की कॉलेजच्या आवारातली तुळस वाचवायला माळीमामांनी कुंपण घातलं होतं. दर वर्षी कुणी ना कुणी तिची पानं उकळून झिंकच्या द्रावणात ओतायचंच. आता विषयात म्हणशील तर काही खोट नाही. मन लावून केलं तर त्यातूनही पुष्कळ शिकता येतं. पण तुझ्या सीनियरचं वाक्य पुन्हा एकदा वाच. ती 'कडुनिंब घे' म्हणाली नाही, 'कडुनिंब लिही' म्हणाली. तुला जे पटत नाहीये ते हे, आणि तुझं बरोबर आहे.

पण आधी मी सरांची बाजू घेणार आहे, कारण त्या खुर्चीत मी बसलेली आहे. पोरगी दारात येऊन म्हणते, "सर, मला क्षारपड जमिनीवर काम करायचंय." सरांच्या कानावर मात्र वेगळंच पडतं. केमिकल्सची ऑर्डर द्यायची, मुलींना शिवारात न्यायचं तर प्राचार्यांची परवानगी काढायची, स्वतः कधी न शिकलेला विषय वाचायचा, आणि एवढं करून एक्स्टर्नलने भलतंच विचारलं तर तोंडघशी पडायचं. मग ते म्हणतात, इन्स्ट्रुमेंट नाही. एक गुपित सांगते. शिक्षक 'इन्स्ट्रुमेंट नाही' म्हणतो तेव्हा दहातल्या सात वेळा त्याला म्हणायचं असतं, 'मला यातलं येत नाही'. विद्यार्थ्यासमोर ते तोंडातून निघत नाही.

माझ्याही निघालं नव्हतं. एका वर्षी गुऱ्हाळवाल्याचा मुलगा माझ्याकडे आला. काहिलीतला रस निवळायला रानभेंडी घालतात ना, ती किती घातली तर मळी चांगली वर येते, हे त्याला मोजायचं होतं. घरचं गुऱ्हाळ, हंगाम तोंडावर आलेला, प्रश्न इतका नेमका. मी म्हणाले, "हा फूड टेक्नॉलॉजीचा विषय आहे, आपल्यात बसत नाही." तो मान हलवून गेला आणि त्याने कपाटातला जुना विषय उचलला. व्हायव्हात पैकीच्या पैकी मिळाले त्याला. मला मात्र ती गोष्ट अजून खाते. तो परत आला असता, हातात रसाच्या दोन बाटल्या घेऊन, एक भेंडी घातलेली आणि एक न घातलेली, तर मी नाही म्हणू शकले नसते. बाटल्या समोर ठेवल्यावर कुठलीही केमिस्ट्रीची बाई त्या उजेडाला धरून बघणारच.

तेव्हा तू आता सरांकडे परत जायचंस ते मोकळ्या हाताने नाही. आणि त्याआधी तुझा प्रश्न कापून लहान करायचा.

'क्षारपड जमीन' हा तुझ्या प्रोजेक्टचा विषय होऊच शकत नाही. त्यावर कर्नालची केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था १९६९ पासून काम करते आहे. तुझ्या वाट्याला त्यातली चिमूटभर माती. प्रश्न असा लिही: आमच्या रानात पाटाकडच्या टोकापासून ओढ्याकडच्या टोकापर्यंत जावं तसा मातीचा पीएच आणि क्षारांचं प्रमाण कसं बदलतं? बस. याहून एक शब्द वाढवू नकोस. जिप्सम, शेणखत, ताग, उसाचं उत्पन्न यातलं काहीही आत घेऊ नको. मोह होईल, कारण फाइल जाड दिसते.

आणि इन्स्ट्रुमेंटचं म्हणशील तर तुमच्या प्रॅक्टिकलला कंडक्टोमेट्रिक टायट्रेशन असेलच. म्हणजे कंडक्टिव्हिटी मीटर कपाटात आहे. पीएच मीटर आहे. ब्युरेट तर काय, पन्नास असतील. तुझ्या या प्रश्नाला यापलीकडे काही लागत नाही. मीटरची चावी कुणाकडे असते ते सरांना विचारू नको, लॅबमधल्या मामांना विचार. त्यांच्याशी आधीपासून बोलणं ठेव. डिस्टिल्ड वॉटरचा प्लांट सकाळी कधी चालतो, कुठलं मीटर खरं दाखवतं आणि कुठलं ठोकल्याशिवाय चालत नाही, हे विभागप्रमुखांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. आणि तुझी शेवटची एसटी साडेपाचला असेल तर चार वाजता लॅब उघडून देणारा माणूसही तोच.

आता रानात चल. पाटापासून ओढ्यापर्यंत एक सरळ रेघ मनात आखून तिच्यावर पाच जागा ठरव. त्यातली एखादी चांगल्या रानात यायलाच हवी, नाहीतर वाईट कशाच्या तुलनेत वाईट ते कळणार नाही. बांधाला चिकटून, झाडाखाली, उकिरड्याजवळ आणि खत नुकतंच पडलेल्या सरीत नमुना घ्यायचा नाही. वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्हीसारखा खड्डा घे, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची खरवड. एक नमुना ० ते १५ सेंटिमीटरचा, दुसरा १५ ते ३० चा. म्हणजे दहा पिशव्या. उन्हाळ्यात पांढरं वर फुटतं म्हणालीस ना? खालचं खारट पाणी केशाकर्षणाने वर चढतं, उन्हाने पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. त्यामुळे वरच्या थराचा आणि खालच्या थराचा आकडा वेगळा येतो का, हे बघण्यात खरी मजा आहे. दिवाळीनंतर एकदा आणि मार्चमध्ये एकदा असे दोन्ही वेळा नमुने मिळाले, तर एवढ्याशा प्रोजेक्टला एक कथानक येतं.

माती सावलीत वाळव, लाकडी दांड्याने फोड, २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढ. २० ग्रॅम माती, ५० मिली डिस्टिल्ड वॉटर, अर्धा तास मधूनमधून ढवळत राहायचं. ईसी (विद्युतवाहकता, म्हणजेच क्षारांचा अंदाज देणारा आकडा) वरच्या निवळीत घे. त्याआधी ०.०१ नॉर्मल पोटॅशियम क्लोराइडने मीटर लावून घे, २५ अंशाला ते १.४१ डेसिसिमेन्स प्रति मीटर दाखवायला हवं. आणि नुसत्या डिस्टिल्ड वॉटरची ईसी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नको. पुष्कळ कॉलेजांत 'डिस्टिल्ड' लिहिलेल्या कॅनमध्ये काय असतं ते मी इथे लिहीत नाही.

एक खड्डा दाखवून ठेवते, यात भलेभले पडतात. कुठल्याही पुस्तकात वाचशील की ईसी ४ च्या वर गेली की जमीन क्षारयुक्त. तो ४ चा आकडा मातीच्या संपृक्त अर्काचा आहे, म्हणजे माती पाण्याने जेमतेम चिखल होईल एवढी भिजवून तिच्यातून ओढून काढलेल्या पाण्याचा. तू एकास अडीच पाणी घातलंयस. तुझं द्रावण कितीतरी पातळ आहे, तुझा आकडा लहानच येणार. तो थेट ४ शी लावून 'आमची जमीन चांगली आहे' असं लिहिलंस, तर वडील तुला रानात उभं करून विचारतील, मग हे पांढरं काय? पाच जागांचे आकडे एकमेकांशी ताडून बघ, पुस्तकातल्या ४ शी नको. हे एक वाक्य व्हायव्हात आपणहून बोललीस, तर एक्स्टर्नल पुढचे दोन प्रश्न गिळतो. मी गिळलेत.

एवढं सगळं आधी करायचं नाहीये हं. आधी फक्त दोन पिशव्या. चांगल्या रानातली एक, पांढरं फुटतं तिथली एक. दोघींची ईसी आणि पीएच, प्रत्येकी तीन वेळा. एका कागदावर बारा आकड्यांचं टेबल. ते घेऊन सरांकडे जा आणि म्हण, "सर, दोन सॅम्पलची रीडिंग घेतली. इथे पीएच एवढा का आला असेल?" स्टाफरूमच्या दारात उभी राहिलीस तरी चालेल. 'सर, विषय बदलू का' हा निर्णय मागणारा प्रश्न आहे, दमलेला माणूस त्याला नाहीच म्हणतो. 'हा आकडा असा का' हा केमिस्ट्रीचा प्रश्न आहे. सर एम.एस्सी. करताना ज्यासाठी रात्र-रात्र जागले होते ती गोष्ट तू नॅकच्या फायलींच्या वर आणून ठेवतेयस. चष्मा वर करून ते टेबल बघतील. आणि बहुतेक पहिलाच प्रश्न विचारतील, "मीटर कॅलिब्रेट केलं होतंस का?" त्या क्षणी समज, गाइड मिळाला.

त्यानंतर वेळेची तक्रार करू नकोस, वेळ तू ठरव. पंधरा दिवसांतून एकदा, दहा मिनिटं, एक पान. पानावर तीनच गोष्टी: काय केलं, काय आलं, कुठे अडलं. त्या पानावर सरांची तारखेसह सही घे. पुढे मार्कांवरून वाद झालाच (होत नाही सहसा), तर सह्यांची दहा पानं तुझ्या बाजूने बोलतील.

आणि समजा, टेबल बघूनही सर म्हणाले नाहीच? तर भांडू नको. नॅनोपार्टिकल्स कर, पण खरे कर. तुळस आणि कडुनिंब दोन्ही घे, सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदल, आणि फरक पडला नाही तर 'फरक पडला नाही' असं लिही. रानाचं काम शनिवारी चालू ठेव आणि 'आविष्कार' या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला ते घेऊन जा. मला विचारशील तर सरांशी तोंड वाजवून मिळवलेल्या विषयापेक्षा हे बरं. त्यांचा हात तुला पुढे लागणार आहे, शिफारसपत्र त्यांनाच लिहायचंय.

सीनियरच्या फायलीला मात्र हात लावू नको. यूजीसीचे २०१८ चे वाङ्मयचौर्याचे नियम आहेत, त्यात १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरतात, त्यावर दंडाच्या पायऱ्या चढत जातात. पण ते झालं मजकुराचं. उचललेला किंवा मनाने लिहिलेला आकडा कुठलंही सॉफ्टवेअर पकडत नाही. तो दुसऱ्याच वाटेने पकडला जातो.

आमच्याकडे भारनियमन जोरात होतं त्या काळातली गोष्ट. एका ग्रुपने विहिरींच्या पाण्याचा सुंदर प्रोजेक्ट केला. सुंदर म्हणजे फारच सुंदर. ब्युरेटचं प्रत्येक रीडिंग ०.० नाहीतर ०.५ वर संपत होतं, तिन्ही वेळा तंतोतंत तेच. मी सही केली. हो, मीच केली, परीक्षेची घाई होती. एक्स्टर्नल म्हणून आलेले गृहस्थ कोल्हापूरकडचे, अगदी शांत. त्यांनी वही उलटीपालटी केली आणि विचारलं, "ही कंडक्टिव्हिटीची रीडिंग मंगळवारी दुपारची आहेत. मंगळवारी दुपारी तुमच्याकडे लाइट असते?" नसायची. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत होतं. ते पुढे काही बोलले नाहीत, मुलांना पास केलं. जाताना मला एवढंच म्हणाले, "मॅडम, वही बघत जा." त्या मुलांपेक्षा मला जास्त लागलं ते. त्यानंतर माझ्या प्रत्येक ग्रुपला मी एकच अट घातली. शिवलेली वही, पानांना नंबर, पेनाने लिहायचं, चुकलं तर एकच आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही, सुट्या कागदावर उतरवून मग 'फेअर' तर मुळीच नाही. ब्युरेटवर ०.१ मिलीच्या रेघा असतात. खऱ्या हाताने घेतलेली रीडिंग १२.३, १२.४, १२.३ अशी थोडी डगमगणारच. ती डगमग लपवू नको, तिच्यावरूनच कळतं की तू ब्युरेटसमोर डोळे आणून उभी होतीस.

आता पैशांचं. १,५०० भरू नको. चौघींचे ६,००० होतात, तेवढ्यात तुमची सगळी केमिकल्स येऊन वर मिसळ होईल. जर्नल कसं ओळखायचं ते सांगते. पैसे भरल्यावर तीन-चार दिवसांत 'स्वीकारला' असं कळवतात, एकही दुरुस्ती सुचवत नाहीत, केमिस्ट्रीपासून ज्योतिषापर्यंत सगळं एकाच अंकात छापतात आणि मुखपृष्ठावर 'इम्पॅक्ट फॅक्टर' ठळक लिहितात. खऱ्या जर्नलमध्ये शुल्क नसतंच असं नाही, पण तिथे आधी कुणीतरी तुमचा लेख वाचून त्याच्या चिंध्या करतं. 'यूजीसी केअर लिस्टमध्ये आहे' असं कुणी सांगितलं, तर मान्य जर्नलांची ती यादी यूजीसीने २०२५ मध्ये बंद केली आहे, एवढं माहीत असू दे. सर तुला फसवतायत असं मी म्हणत नाही. त्यांच्या बढतीच्या फॉर्ममध्येही पेपरचा रकाना असतो, तो त्यांच्या डोक्यावर बसलेला आहे. तेव्हा नकार देताना त्यांना कोपऱ्यात गाठू नको. म्हण, "सर, मार्चची रीडिंग येऊ देत, डेटा पुरा झाला की बघू या का?" हे खोटं नाही. दोन पिशव्यांवर पेपर होतही नसतो. मार्चपर्यंत बरंच पाणी वाहून जातं. आणि वडिलांनी पैसे द्यायला नको म्हटलंय हे सांगण्यात लाज कसली? ते सगळ्यात चांगलं कारण आहे.

पहिल्या नावावरून तू नाराज आहेस, ते ओळींच्या मधून दिसतं. ज्याने कल्पना दिली, काम केलं, लिहिलं, आणि उद्या कुणी जाब विचारला तर उत्तर द्यायला जो उभा राहील, त्याचं नाव लेखकांत यावं अशी जगभरची रीत आहे. नुसतं खातेप्रमुख असणं त्यात बसत नाही, आणि ग्रुपमध्ये नाव असणंही नाही. तुझ्या त्या मैत्रिणी लॅबला येत नसतील तर हे त्यांनाही लागू आहे, प्रेमाने सांग. पण खरं सांगू? या वयात क्रमावरून जीव टाकू नकोस. आकड्यांवरून टाक. सर म्हणाले, "हे एक रीडिंग ग्राफमध्ये बसत नाही, काढून टाक," तर तिथे मात्र हटायचं नाही. "सर, पुन्हा घेऊन बघते," म्हणायचं, पुन्हा घ्यायचं, आणि तेच आलं तर ते ग्राफवर राहील, रेघेपासून लांब, एकटं.

आविष्कारचं मी मघाशी ओझरतं लिहिलं, पण ते महत्त्वाचं आहे. राज्यपालांच्या पुढाकाराने २००६ मध्ये ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा सुरू झाली. पदवीच्या मुलांचा गट वेगळा असतो, त्यामुळे पीएच.डी.वाल्यांसमोर तुझा निभाव लागेल का ही भीती नको. शेतीचा विभाग वेगळा आणि शुद्ध विज्ञानाचा वेगळा. तू शेतीत जा. मी काही वर्षं जिल्हा पातळीला परीक्षक होते. पोस्टरसमोर उभं राहून आम्ही सर्टिफिकेट कधीच मागितलं नाही. आम्ही विचारायचो, हे रीडिंग तू घेतलंस का, किती वाजता, बीकर कुठला होता. ज्याने केलेलं असतं त्याचे डोळे या प्रश्नाला चमकतात. एरवी बावरलेली पोरं मग थांबता थांबत नाहीत.

केमिस्ट्रीच्या बाहेरची मदत लागेल. मिरज तालुक्यात कसबे डिग्रजला राहुरी कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, क्षारपड जमिनीच्या निचऱ्यावर तिथे काम झालेलं आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना लिही. मराठीत लिहिलंस तरी चालेल. पण ते 'आपल्या अमूल्य मार्गदर्शनाची नितांत गरज आहे' वगैरे नको, अशी पत्रं वाचून माणूस थकतो. चार ओळी: मी कोण, गाव कुठलं, दोन नमुन्यांची ही रीडिंग आली, आणि या मातीत सोडियम किती आहे ते मोजून मिळेल का किंवा कुठे मोजून मिळेल. खाली तुझ्यासोबत सरांचंही नाव घाल, त्यांना विचारून. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर फोन कर. पुन्हा आलं नाही तर एक दिवस एसटीने जा, मातीची पिशवी घेऊन.

वडिलांचं वाक्य मी शेवटी ठेवलं होतं. 'त्या रानात बघायचं काय राहिलंय?' त्यांना सांग, अजून कुणी मोजलेलंच नाही. मोजलं असेल तर घरात कुठेतरी ट्रंकेत मृदा आरोग्य पत्रिका पडलेली असेल. २०१५ पासून सरकार त्या देतंय, त्यावर पीएच आणि ईसी दोन्ही असतात. सापडली तर सोन्याहून पिवळं, जुना आकडा आयता मिळाला. नाहीच सापडली तर वडील स्वतः कागद आहेत. पांढरं पहिल्यांदा कुठल्या कोपऱ्यात दिसलं, नदीचं पाणी रानात कधी आलं, आधी जोंधळा होता की लगेच ऊस लावला, पाणी पाळीने देत होते की पाट सोडून झोपायला जात होते. शेवटचा प्रश्न जरा जपून विचार. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत पाणी जास्त आणि निचरा कमी झाला की खालची पातळी वर येते आणि मीठ घेऊन येते. हे एकट्या तुझ्या घराने केलेलं नाही, शिवारंच्या शिवारं अशी गेली आहेत. ही माहिती वहीत वेगळ्या पानावर, त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिही.

एक गोष्ट मात्र त्यांना कबूल करू नकोस, की प्रोजेक्टने रान सुधारेल. तू फक्त आजार मोजते आहेस. पण त्याचाही उपयोग आहे. खारवट जमीन (विरघळणारे क्षार जास्त) वेगळी आणि चोपण (सोडियम जास्त) वेगळी. पीएच ८.५ च्या वर सतत येत असेल तर चोपणाचा संशय घ्यायचा. जिप्समचा खरा उपयोग चोपण जमिनीला, आणि तिथेही निचऱ्याची सोय नसेल तर तो पैसा मातीत जातो, अक्षरशः. कुणी दुकानदार उद्या वडिलांना चार पोती घ्यायला लावत असेल, तर तुझं टेबल दाखवून ते एवढं म्हणू शकतील, आधी माती तपासून आणतो. पोती किती टाकायची ते प्रयोगशाळेच्या रिपोर्टवरच ठरवायचं. तुझ्या बारा आकड्यांवर मुळीच नाही.

चौथ्या वर्षाचं आत्ता ठरवायची घाई नाही. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणे 'ऑनर्स विथ रिसर्च'ला पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात आणि त्या वर्षात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. ७५ पडतायत का ते बघ, आणि तुमच्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त गाइड आहेत का ते विचार. नसतील तर तिथेच चौथं वर्ष काढण्यात मला अर्थ दिसत नाही, सरळ विद्यापीठात एम.एस्सी.ला जा. असतील, तर मार्चमध्ये त्या दहा पिशव्या दुसऱ्यांदा तपासताना तुला कंटाळा येतो का ते बघ. पहिल्यांदा सगळ्यांनाच मजा येते. दुसऱ्यांदा तेच वीस ग्रॅम, तेच पन्नास मिली, तोच अर्धा तास. तिथे जीव रमला तर घे.

उन्हाळ्याच्या दोन महिन्यांसाठी बेंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची अकादमी मिळून फेलोशिप देतात. अर्ज साधारण दिवाळीच्या आगेमागे निघतात. पात्रता त्या वर्षीच्या जाहिरातीत बघ. त्यात काय करायचंय याचा एक छोटा परिच्छेद लिहावा लागतो. तिथे 'मला संशोधनाची आवड आहे' लिहू नकोस. बारा आकड्यांबद्दल लिही. धाकटं कुणी घरात एफ.वाय.ला असेल, तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा कार्यक्रम त्याच्यासाठी बघून ठेव, तो पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठीच आहे.

पहिल्या दोन पिशव्या येत्या रविवारी काढ. खुरपं गंजलेलं घेऊ नको. पिशवीत एक चिठ्ठी आत आणि एक बाहेर, जागा, खोली, तारीख लिहून. आणि ती पेन्सिलने लिही, ओल्या मातीत पेनाची शाई पसरते आणि सोमवारी लॅबमध्ये कुठली माती कुठली ते कळत नाही. टेबल झालं की मला पाठव, सरांनी काय विचारलं तेही कळव.